पाटी तीच, बिल कोणाचे?

‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण बदलापूर-अंबरनाथच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. बारवी धरण एमआयडीसीचे आहे. १९७२ मध्ये ते बांधले गेले, नंतर टप्प्याटप्प्याने त्याची उंची वाढवली गेली आणि आज त्यात सुमारे ३४० दशलक्ष घनमीटर पाणी मावते. हे पाणी बारवी नदीतून उल्हास नदीत उतरते. उल्हासमध्ये वरच्या अंगाने आंध्र धरणाचे पाणी आलेले असते, टाटांच्या भिवपुरी वीजकेंद्रातून सुटलेले. ही दोन्ही पाणी एकत्र झाली की जांभूळ येथे एमआयडीसी आपला वाटा उचलते, शुद्ध करते आणि जलवाहिन्यांनी पुढे पाठवते. उल्हासनगर महापालिकेचे स्वतःचे धरण नाही, ती एमआयडीसीकडून ठोक पाणी घेऊन शहरात वाटते. अंबरनाथ आणि बदलापुरात नगरपालिका आहेत, तरी नळाचे बिल येते ते महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचे. उन्हाळ्यात किती कपात करायची हे उपलब्ध साठा पाहून जलसंपदा विभाग ठरवतो. मग नळ कोरडा पडला तर दार कोणाचे ठोठावायचे? धरण ज्याचे त्याचे, नदी ज्याच्या ताब्यात त्याचे, की शहर ज्याचे त्याचे? अनुभवी रहिवासी यातले काहीच न विचारता पाण्याचे बिल काढतो आणि त्यावरचे नाव वाचतो. पैसे जो घेतो, पाणी देण्याचे बंधन त्याच्यावर.

व्यापाऱ्यांना आणि लघुउद्योजकांना नेमका हाच प्रश्न वेगळ्या रूपात पडतो. वर्षानुवर्षे ज्या कंपनीला माल दिला किंवा जिच्याकडून माल घेतला, तिची एक दिवस पुनर्रचना होते. कंपनीचे नाव बदलते, एखादा विभाग दुसऱ्या कंपनीकडे जातो, मार्केटिंगचा जुना साहेब फोन उचलेनासा होतो. कारखाना मात्र जागेवरच असतो, गेटवरची पाटी तीच असते, पाळीचा भोंगाही ठरल्या वेळी वाजतो. त्यामुळे माणूस पाटी पाहून जुन्याच दारात जातो आणि हेलपाटे घालत बसतो. पुनर्रचनेनंतर निर्णयाचा अधिकार पाटीमागे राहत नाही, तो हिशेबाच्या वहीमागे जातो. म्हणून माणूस शोधण्याआधी वही शोधावी. हा लेख त्या शोधाबद्दल आहे.

शहाडचा धागा

उल्हासनगरला लागून, शहाडला सेंच्युरी रेयॉनचा कारखाना १९५०च्या दशकापासून उभा आहे. लाकडाच्या लगद्यापासून व्हिस्कोज रेयॉनचे सलग तंतूंचे सूत तिथे तयार होते. साडी, भरतकामाचा दोरा, चमकदार कापड यांत ते वापरले जाते. त्यामागची मूळ कंपनी त्याहून कितीतरी जुनी, १८९७ मध्ये मुंबईत कापड गिरणी म्हणून नोंदलेली. पुढे तिचे नाव सेंच्युरी टेक्स्टाइल्स अँड इंडस्ट्रीज झाले आणि कापड, रेयॉन, सिमेंट, कागद असे अनेक धंदे तिच्या छत्राखाली आले. गेल्या काही वर्षांत या छत्राच्या काड्या एकेक करून वेगळ्या झाल्या, आणि गंमत म्हणजे प्रत्येक काडी निराळ्या पद्धतीने वेगळी झाली. पुनर्रचना कशी चालते हे शिकायला महाराष्ट्रात याहून चांगले उदाहरण सापडणे अवघड आहे.

पहिला बदल रेयॉनचा. डिसेंबर २०१७ मध्ये सेंच्युरीने रेयॉन सुताचा व्यवसाय चालवण्याचा हक्क ग्रासिम इंडस्ट्रीजला १५ वर्षांसाठी देण्याचे ठरवले. ६०० कोटी रुपये एकरकमी आणि २०० कोटी रुपये परत करायची बिनव्याजी अनामत, असा तो करार होता. तो १ फेब्रुवारी २०१८ पासून अमलात आला. जमीन आणि कारखान्याची मालकी सेंच्युरीकडेच राहिली. पण धंदा चालवायचा, सूत विकायचे आणि विक्री आपल्या वहीत मांडायची ती ग्रासिमने. ग्रासिमकडे गुजरातेत वेरावळचा रेयॉन कारखाना आधीपासून होताच. म्हणजे सुरतेच्या एखाद्या सूत-व्यापाऱ्याच्या दृष्टीने कालपर्यंत एकमेकांशी स्पर्धा करणारे दोन कारखाने एका विक्रेत्याच्या हाती आले. शहाडचा दर किती लावायचा हे ठरवताना वेरावळचा दर डोळ्यांसमोर असणारच. अशा वेळी शहाडच्या गेटवर जाऊन दराची घासाघीस करण्यात काय हशील? माल तिथे भरला जातो, भाव दुसरीकडे ठरतो.

दुसरा बदल सिमेंटचा. सेंच्युरीचा सिमेंट व्यवसाय, ज्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या गडचांदूरचा माणिकगड कारखानाही होता, विलग होऊन १ ऑक्टोबर २०१९ पासून अल्ट्राटेकमध्ये गेला. इथे नुसता चालवण्याचा हक्क गेला नाही, मालकीसकट सगळेच गेले. तिसरा बदल नुसत्या नावाचा: ऑक्टोबर २०२४ मध्ये सेंच्युरी टेक्स्टाइल्सचे नाव आदित्य बिर्ला रिअल इस्टेट झाले. चौथा कागदाचा: उत्तराखंडातल्या लालकुआँचा कागद-लगद्याचा व्यवसाय सुमारे ३,५०० कोटी रुपयांना आयटीसीला विकण्याचा करार मार्च २०२५ मध्ये झाला. एकच जुनी कंपनी आणि चार तऱ्हेचे बदल. बाहेरच्या माणसाला चारही सारखेच दिसतात, कारण त्याला फक्त नाव बदललेले कळते. पण ‘आता बोलायचे कोणाशी’ याचे उत्तर चारही वेळा वेगळे आहे.

चार बदल, चार उत्तरे

नुसते नाव बदलले तर कायद्याच्या नजरेत कंपनी तीच राहते. तिचा पॅन क्रमांक तोच, जुने करार जसेच्या तसे, तुमची थकबाकीही तिच्याचकडे. अशा वेळी मार्केटिंगचा माणूस बदलला असेल तर तो अंतर्गत बदल्यांमुळे, आणि जुन्या पत्त्यावर पाठवलेले पत्र बहुधा योग्य टेबलावर पोहोचते. विलगीकरणात मात्र धंदा एका कंपनीतून दुसरीत जातो. राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाने त्याची योजना मंजूर केलेली असते आणि त्या धंद्याचे करार, येणी, देणी, कर्मचारी सगळे नव्या कंपनीकडे जातात, असे योजनेतच लिहिलेले असते. ही योजना जाहीर दस्तऐवज असते. ती किचकट भाषेत असते हे खरे, पण करार आणि कर्मचारी यांच्याविषयीची कलमे पान-दोन पानांची असतात आणि तेवढी वाचली तरी पुरते.

विक्रीत गोष्ट जास्त नाजूक होते. धंदा करारानुसार विकला जातो तेव्हा कोणते पुरवठा-करार सोबत गेले आणि कोणते मागे राहिले, हे त्या करारावर ठरते. तुमचा करार आपोआप गेला असे धरून चालता येत नाही. नव्या मालकाकडून नवी परचेस ऑर्डर किंवा लेखी संमती मागून घ्यावी लागते. चालवण्याचा हक्क दिला जातो तेव्हा, म्हणजे शहाडसारख्या प्रकरणात, दोन दारे कायमची उघडी राहतात. सूत विकत घ्यायचे तर ग्रासिम, कारखान्याच्या मालमत्तेचा प्रश्न असेल तर मालक कंपनी. त्यातही हा हक्क १५ वर्षांचा आहे, म्हणजे २०३३ पर्यंतचा. त्याहून लांब मुदतीचा विचार करणाऱ्याने ही तारीख लक्षात ठेवलेली बरी.

या चारही उत्तरांमागचे ‘फायदा ज्याला, बंधन त्याला’ हे तत्त्व बारवीतही दिसते. धरणाची उंची वाढवताना विस्थापित झालेल्या कुटुंबांतल्या माणसांना नोकऱ्या देण्याची जबाबदारी धरणाच्या मालकाने एकट्याने घेतली नाही, पाणी घेणाऱ्या महापालिका-नगरपालिकांवरही ती वाटली गेली. बाधित कुटुंबाला त्यामुळे धरण कोणाचे हे ठाऊक असून भागत नव्हते, आपला वाटा कोणत्या पालिकेकडे आला हे शोधणे भाग होते.

पंधरा अक्षरांची खूण

नवी वही कोणाची आहे हे ओळखण्याची सर्वांत स्वस्त खूण म्हणजे जीएसटीआयएन, अर्थात बिलावरचा वस्तू व सेवा कर नोंदणी क्रमांक. बहुतेक लोक तो फक्त बिल भरताना उतरवून घेतात, वाचत नाहीत. पण त्यात कंपनीची ओळख उघडपणे लिहिलेली असते. शिवाय नियमानुसार प्रत्येक नोंदणीकृत व्यावसायिकाने आपल्या जागेच्या प्रवेशद्वारावरील नामफलकावर हा क्रमांक लावायचा असतो. म्हणजे जुने बिल हाती नसले, तुम्ही पहिल्यांदाच त्या कंपनीकडे जात असलात, तरी गेटवरची पाटी तुम्हाला खरे उत्तर देऊ शकते. अट एवढीच की मोठ्या अक्षरांतले नाव सोडून खालची बारीक ओळ वाचली पाहिजे. जीएसटीच्या संकेतस्थळावर हा क्रमांक टाकला की कंपनीचे कायदेशीर नाव, नोंदणी चालू आहे की रद्द झाली, आणि धंद्याचा पत्ता हे कोणालाही विनाशुल्क पाहता येते.

चौकट: बिलावरचा क्रमांक कसा वाचावा
• पहिले दोन अंक राज्याचे. महाराष्ट्राचा संकेतांक २७.
• पुढची दहा अक्षरे म्हणजे त्या कंपनीचा पॅन. त्यातले चौथे अक्षर ‘सी’ असेल तर ती कंपनी आहे.
• तेरावे चिन्ह त्याच राज्यात त्याच पॅनवर घेतलेली कितवी नोंदणी ते सांगते. शेवटची दोन यंत्रणेच्या सोयीची.
• जुन्या आणि नव्या बिलावरची मधली दहा अक्षरे ताडून पाहावीत. तीच असतील तर नाव बदलले, कंपनी नाही. वेगळी असतील तर तुमचा व्यवहार आता दुसऱ्याच कंपनीशी आहे.

हा तपशील क्षुल्लक वाटतो, पण त्यावर पैसे अडकतात. अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या खोके बनवणाऱ्याने सवयीने जुन्या कंपनीच्या क्रमांकावर बिल फाडले, तर नव्या कंपनीला त्या बिलावरच्या कराची वजावट, ज्याला इनपुट क्रेडिट म्हणतात, मिळत नाही. तिचा लेखा विभाग बिल परत करतो किंवा नुसते बाजूला ठेवून देतो. लघुउद्योगांच्या बिलाचे पैसे ४५ दिवसांच्या आत चुकते करण्याचे बंधन २००६च्या कायद्याने खरेदीदारावर घातले आहे, आणि उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. पण हा हक्क वापरायचा तर खरेदीदार कोण हे आधी अचूक सांगावे लागते. चुकीच्या कंपनीविरुद्ध केलेली तक्रार योग्य कंपनीकडून एक रुपयाही मिळवून देत नाही.

वहीपासून माणसापर्यंत

इथे एक रास्त आक्षेप येतो. बिलावरून कंपनी कळली, पण मला तर माणूस हवा आहे. क्रमांकाशी कोणी बोलत नाही. हे बरोबर आहे, आणि म्हणून शोधाचा दुसरा टप्पा लागतो. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर हा टप्पा वाटतो तितका अंधारात नाही. संचालक आणि प्रमुख अधिकारी यांच्याबरोबर ‘वरिष्ठ व्यवस्थापन’ या व्याख्येत बसणाऱ्या अधिकाऱ्यांमधले बदलही कंपनीला शेअर बाजाराला कळवावे लागतात. विभागप्रमुख बहुधा या व्याख्येत येतात. शिवाय वार्षिक अहवालातल्या कंपनी-प्रशासनाच्या प्रकरणात वरिष्ठ व्यवस्थापनाची यादी आणि वर्षभरात त्यात झालेले बदल द्यावे लागतात. म्हणजे विभागाच्या शिखरावरचे नाव गुप्त नसते. त्या कार्यालयाला दोन ओळींचे पत्र लिहून ‘आमच्या भागाचे काम आता कोण पाहते’ असे विचारणे हे दहा ओळखीच्यांना फोन करण्यापेक्षा जास्त फलदायी ठरते, कारण वरून खाली आलेल्या पत्राला उत्तर देणे खालच्याला भाग असते.

पण विचारायचे काय, हेही नीट ठरवले पाहिजे. ‘मार्केटिंगमध्ये कोण आहे?’ हा प्रश्न फार ढोबळ आहे, कारण मार्केटिंग हे नाव प्रत्येक धंद्यात वेगळ्या कामाला दिलेले असते. रेयॉन सुताचे गिऱ्हाईक विणकर किंवा दोरा बनवणारा असतो. त्याच्यासाठी मार्केटिंगचा माणूस म्हणजे दर देणारा, डेनिअर सांभाळणारा (९,००० मीटर सुताचे ग्रॅममधले वजन म्हणजे डेनिअर), आणि रंग एकसारखा चढला नाही तर तक्रार ऐकून घेणारा. जाहिरातीशी त्याचा संबंध जवळजवळ नसतो. याउलट घराघरांत माल विकणाऱ्या कंपनीत मार्केटिंग म्हणजे ब्रँड, जाहिरात, दुकानातली मांडणी. तिथे विक्रीचे जाळे दुसरेच लोक सांभाळतात. छपाई, फलक किंवा खोकी विकायची असतील तर होकार मार्केटिंगचा लागतो, पण ऑर्डर परचेस विभाग काढतो आणि व्हेंडर कोड मिळाल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. उत्सव-मंडळ किंवा शाळेला मदत हवी असेल तर तिचे दार आणखी वेगळे. नफ्याची ठरावीक मर्यादा ओलांडणाऱ्या कंपन्यांना मागच्या ३ वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते, आणि तिचा निर्णय बहुधा स्वतंत्र समितीच्या शिफारशीने होतो. मार्केटिंगच्या साहेबाकडे देणगीचा अर्ज घेऊन गेलेल्या मंडळाला नकार मिळतो, तो बऱ्याचदा चुकीच्या टेबलाचा नकार असतो.

म्हणून पदनामाऐवजी निर्णय विचारावा. हा दर कोण मंजूर करतो? ही ऑर्डर कोणाच्या खर्चाच्या तरतुदीतून निघते? माल खराब निघाला तर डेबिट नोट कोण स्वीकारतो? या तीन प्रश्नांची उत्तरे एकाच माणसाकडे जात असतील तर तो तुमचा माणूस. तिघांकडे जात असतील तर तिघांनाही गाठावे लागेल, आणि पहिला मान दर मंजूर करणाऱ्याचा.

‘शेवटी सगळे एकाच घरचे’

दुसरा आक्षेप अधिक लोकप्रिय आहे: सेंच्युरी काय, ग्रासिम काय, अल्ट्राटेक काय, समूह तर एकच, मग एकाकडे गेले काय आणि दुसऱ्याकडे गेले काय? हा आक्षेप मनाला पटतो, पण व्यवहारात टिकत नाही. एका समूहातल्या असल्या तरी या कंपन्यांचे भागधारक वेगवेगळे आहेत. एका कंपनीने दुसरीचे बिल भरले तर पहिलीच्या भागधारकांचा पैसा दुसरीच्या कामाला लागतो. म्हणून अशा व्यवहारांवर मंजुरीची आणि जाहीर करण्याची बंधने आहेत. वरळीत अशा दोन कंपन्यांची कार्यालये एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर असली तरी त्यांच्या वह्यांमध्ये कायद्याची भिंत असते. एका दारातला अधिकारी कितीही चांगला असला तरी दुसऱ्या वहीतला चेक तो फाडू शकत नाही. वीज ग्राहकांनी हे आधीच अनुभवले आहे. ६ जून २००५ रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महावितरण, महापारेषण, महानिर्मिती आणि सूत्रधारी कंपनी झाली. लोक आजही सवयीने ‘एमएसईबी’ म्हणतात, पण शेतातून जाणाऱ्या अतिउच्चदाब मनोऱ्याच्या मोबदल्यासाठी महावितरणच्या उपविभागात गेले तर काम होत नाही.

तिसरा आक्षेप ओळखीचा. जुना साहेब भला आहे, तो वाट दाखवेल. दाखवेलच, आणि त्याला जरूर विचारावे. अशी नाती नुसती कामापुरती नसतात, आणि लहान उद्योजक ती मनापासून जपतो. पण पुनर्रचनेनंतर त्या साहेबाची स्वतःची जागा डळमळीत असते. तो कोणत्या कंपनीत गेला, त्याचा मंजुरीचा अधिकार किती उरला, हे कधी कधी त्यालाही लवकर कळत नाही. भिडेपोटी तो ‘बघतो’ म्हणतो आणि दोन महिने जातात. त्याला काम करून द्यायला सांगण्याऐवजी नाव विचारावे: तुमच्या जागी आता सही कोण करते? हे उत्तर तो मोकळेपणाने देऊ शकतो.

जुनी नावे किती काळ तगतात हे अंबरनाथला सांगायला नको. विमको ही आगपेट्यांची कंपनी १९२३ मध्ये स्वीडिश भांडवलावर निघाली आणि २००५ मध्ये आयटीसी समूहाकडे गेली. पण अंबरनाथचा विमको नाका अजून विमको नाकाच आहे. गावाची स्मरणशक्ती कंपनीच्या कागदपत्रांपेक्षा दीर्घ असते, आणि त्या स्मरणशक्तीवर विसंबून पत्ता विचारणारा माणूस नाक्यावर नक्की पोहोचतो, ऑर्डरपर्यंत पोहोचेलच असे नाही.

बदलाच्या काळातली लबाडी

पुनर्रचनेच्या काळात फसवणूक करणाऱ्यांनाही संधी मिळते. ‘आमचे नाव बदलले आहे, यापुढे पैसे या नव्या खात्यात भरा’ असा ईमेल त्या दिवसांत खरा वाटतो, कारण नाव खरोखरच बदललेले असते. अशा वेळी ईमेलमध्ये दिलेल्या क्रमांकावर फोन करू नये. आपल्याकडच्या जुन्या बिलावरच्या किंवा कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या क्रमांकावर करावा. आणि खात्याचा बदल कंपनीच्या लेटरहेडवर मागावा. २०१३च्या कंपनी कायद्याप्रमाणे पत्रांवर आणि बिलांवर कंपनीचे नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, दूरध्वनी, ईमेल आणि सीआयएन हा २१ चिन्हांचा नोंदणी क्रमांक छापावा लागतो. त्यात स्थापनेचे वर्ष असते, नाव कितीही वेळा बदलले तरी ते वर्ष राहते. आदित्य बिर्ला रिअल इस्टेट हे नाव नवे असले तरी तिच्या सीआयएनमध्ये १८९७ आहे.

याच कायद्यात आणखी एक सोय आहे. नाव बदलल्यावर पुढची २ वर्षे कंपनीने पाटीवर, पत्रावर आणि बिलावर नव्या नावासोबत जुने नावही द्यायचे असते. जुन्या गिऱ्हाइकाला आणि पुरवठादाराला जोडणारा हा अधिकृत दुवा आहे, पण तो मुदतीचा आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये बदललेल्या नावाबाबत हे बंधन ऑक्टोबर २०२६ मध्ये संपते. त्यानंतर नव्या बिलावर जुने नाव शोधूनही सापडेलच असे नाही. म्हणून दोन्ही नावे एकत्र छापलेले एक बिल किंवा पत्र आत्ताच मागून घेऊन फायलीत लावून ठेवावे, जुन्या शेवटच्या बिलाच्या शेजारी.